देवावर भरवसा आहे, मग झोप का लागत नाही?

गेल्या पावसाळ्यात नवापूरकडचे एक तरुण ख्रिस्ती पाळक माझ्याकडे समुपदेशनासाठी आले होते. रविवारी सगळ्या मंडळीला धीर द्यायचा आणि सोमवारी पहाटे चारला स्वतःच्याच छातीतली धडधड ऐकत पडून राहायचं, असं त्यांचं चाललं होतं. त्यांच्या आधी अमळनेर तालुक्यातले एक कीर्तनकार येऊन गेले. त्याआधी सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेच्या मुख्याध्यापिका. भुसावळची एक डॉक्टर मुलगी तर पर्समध्ये जपमाळ घेऊन आली होती. बोलता बोलता ती माळ हातात इतकी पिळत होती की मला मणी तुटायची भीती वाटली.

धर्म वेगळे, कामं वेगळी. तक्रार मात्र शब्दाला शब्द जुळावी इतकी सारखी. "हे काम देवानेच माझ्या पदरात टाकलंय, असं मनापासून वाटतं. प्रार्थनाही रोज करतो. मग एवढं दडपण का येतं? माझी श्रद्धाच कमी पडतेय का?"

हे शेवटचं वाक्य मला दर वेळी लागतं. कामाचं ओझं असतंच, आणि ते जाणवतं याचा अपराध ही वर चढवलेली दुसरी गोणी. पहिली गोणी मी कुणाच्या पाठीवरून काढू शकत नाही. वसतिगृहातली आजारी मुलं, दवाखान्यातली रांग, मंडळीतली भांडणं माझ्या सांगण्याने कमी होत नाहीत. दुसरी मात्र उतरवता येते, आणि ती उतरली की पहिलीही पेलू लागते. वीस वर्षांच्या कामात मी हे पुष्कळदा पाहिलं आहे. त्यातलीच एक गोष्ट आज सांगते. जिची आहे तिची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. पहिल्या दिवशी मी नाव विचारलं तर म्हणाली, "सिस्टर." मग स्वतःच ओशाळली. "सवय झालीये मॅडम. पाड्यावर सगळे सिस्टरच म्हणतात. आता घरी मिस्टरही तेच म्हणतात." म्हणून इथेही तिला सिस्टरच म्हणते.

जळगावातली एप्रिलची दुपार होती. कूलर पूर्ण वेगात असूनही भिंती तापलेल्या. चोपड्याहून एसटीने आलेल्या सिस्टरने उभ्या उभ्या पाण्याची बाटली संपवली, मोबाईल टेबलावर पालथा ठेवला आणि पाच मिनिटांत पुन्हा उलटून पाहिला. "विदगावच्या पुलावरून आशाताईला फोन केला होता. एक बाई आहे, आठवा महिना, पायावर सूज आलीये. आशाताई जाऊन बघते म्हणाली, तिचा फोन नाही आला अजून."

विदगावच्या पुलावर एसटी आली की अर्धी गाडी तापीमाईला हात जोडते. सिस्टर तेवढ्यात फोन लावून घेते.

"एसटीत डोळा लागतो का?" मी विचारलं.

"एसटीत? मला घरी गादीवर लागत नाही मॅडम."

आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा नियम आहे. त्या नियमात डोंगर आणि नाले मोजलेले नाहीत. गरोदर बायांची तपासणी, बाळांच्या लसी, कुपोषित मुलांची वजनं, सिकलसेलच्या तपासण्या, लोहाच्या गोळ्या, अवेळी येणारी बाळंतपणं, हे सगळं रजिस्टरात लिहायचं आणि तेच पुन्हा ऑनलाइन भरायचं. त्यात तिने एक गोष्ट सांगितली ती मी विसरले नाही. "दिवाळीनंतर निम्मे पाडे रिकामे होतात. ऊसतोडीला जातात, गुजरातेत जातात. माझ्या गरोदर बाया आणि लसीची बाळं त्यांच्यासोबत जातात. होळीला परत येतात, तेव्हा मधल्या चार महिन्यांत काय झालं ते मला त्यांच्या तोंडाकडे बघून ओळखावं लागतं."

तिचे वडील मुक्ताईनगरकडचे, माळकरी. महिनाभराहून अधिक चालत मुक्ताईच्या पालखीबरोबर दरवर्षी पंढरपूरला जाणारे. मुलगी नोकरीला लागली त्या दिवशी त्यांनी तिच्या गळ्यात तुळशीची माळ घातली आणि म्हणाले, "ही नोकरी नाही बेटा, ही तुझी वारी." ते वाक्य तिने चौदा वर्षं सांभाळलं होतं. "पण वारकरी रात्री झोपतो मॅडम," ती म्हणाली. "मी झोपत नाही. आडवी पडले की एकेका पाड्यावरचं एकेक घर डोळ्यांसमोर येतं. उठून देवापुढे बसते, हात जोडते. दहा मिनिटं बरं वाटतं. आडवी पडले की पुन्हा तेच."

पहिल्याच भेटीत मी तिला रक्ताच्या तपासण्या करून घ्यायला सांगितलं. झोप, थकवा, धडधड अशी तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते. मनाच्या गोष्टी मनाशी बोलू, पण शरीराचा हिशेब आधी लागला पाहिजे. सिस्टरचं एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, निघालं अवघं ८.४. वर्षाला हजारो लोहाच्या गोळ्या वाटणाऱ्या बाईने स्वतः एक घेतली नव्हती. डॉक्टरांचे उपचार सुरू झाले आणि थोडी तरतरी आली. झोप मात्र आली नाही.

मग दोन भेटींत आम्ही दिवसाची आखणी केली, कामं वाटून द्यायचं बघितलं, कुठे नाही म्हणता येईल ते शोधलं. ती सगळं वहीत नीट लिहून घ्यायची. तिसऱ्या भेटीत तिने वही मिटली. "मॅडम, नाही नेमकं कुणाला म्हणू? मीटिंगला नाही म्हटलं तर नोटीस येते. आणि रात्री दोनला कळा सुरू झालेल्या बाईला नाही म्हणणारी सिस्टर मला व्हायचं नाहीये. ही वारी आहे."

तिचं खरं होतं. ज्याला काम नको आहे आणि ज्याला काम देवाने दिलंय असं वाटतं, त्या दोघांना एकच उपाय चालत नाही. पहिल्याला ओझं टाकायचं असतं. दुसऱ्याला ते टाकायचं नसतं, आणि टाकायला सांगणाऱ्यावर त्याचा विश्वास बसत नाही.

माझं शिक्षण विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या वळणाचं. ही पद्धत मांडणारे अल्बर्ट एलिस स्वतः देव मानत नसत. पण त्यांच्याकडून घेतलेली एक गोष्ट मला देवघरातही लागू पडताना दिसली आहे. घडलेली गोष्ट माणसाला जेवढी छळते, त्याहून जास्त तो त्या गोष्टीबद्दल स्वतःशी जे बोलतो ते छळतं. आणि श्रद्धावान माणूस स्वतःशी सगळ्यात खरं कधी बोलतो? देवापुढे. म्हणून, बरेच समुपदेशक संकोचाने टाळतात तो प्रश्न मी विचारते. प्रार्थना करता का, एवढ्यावर थांबत नाही. प्रार्थनेत काय म्हणता, ते शब्द जसेच्या तसे ऐकवा, असं सांगते.

सिस्टर आधी लाजली. मग तिने चप्पल काढून खुर्चीखाली सरकवली, डोळे मिटले, हात जोडले.

"पांडुरंगा, आजचा दिवस पार पडू दे. मला बळ दे. माझ्या हातून चूक होऊ देऊ नको. मला सगळ्या पाड्यांवर पोचू दे. रात्री फोन आला तर मला जाग येऊ दे. माझ्यामुळे कुणाचा जीव जाऊ देऊ नको. मला थकू देऊ नको."

मी ते लिहून घेतलं होतं. सावकाश, एकेक वाक्य वाचून दाखवलं. मग विचारलं, "सिस्टर, यात पांडुरंगाला काम काय दिलंय?"

तिला प्रश्न कळला नाही.

"मला बळ दे, मला पोचू दे, मला जाग येऊ दे. प्रत्येक वाक्यात तुम्ही आहात. त्याने तुम्हाला सलाईन लावायची आणि बाकी सगळं तुम्हीच करायचं. त्या सूज आलेल्या बाईला तू सांभाळ, असं एकही वाक्य नाही."

ती हसली. मग हसू ओसरलं. कागद माझ्या हातातून घेऊन तिने पुन्हा वाचला, ओठ हलवत, पहिलीतली मुलं वाचतात तसा. "मी तर त्याची ड्युटीच लावली नाही," ती म्हणाली.

इथे मला वाटलं, गाठ सुटली. खरी गाठ पुढेच होती. कागदाची घडी घालत ती हळूच म्हणाली, "लावली होती. एकदा."

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका पाड्यावरची बाई, सातवा महिना, एचबी ६.२. सात ग्रॅमच्या खाली म्हणजे गंभीर रक्तक्षय. तिला ग्रामीण रुग्णालयात पाठवायलाच हवं होतं. सिस्टर तीनदा तिच्या घरी गेली, चिठ्ठी लिहून दिली, नवऱ्यापुढे हात जोडले. चौथ्यांदा गेली तेव्हा दाराला कुलूप. मुकादमाची उचल घेतलेली होती, घर ऊसतोडीला निघून गेलं होतं. "त्या रात्री मी नाव घेऊन मागितलं मॅडम. पांडुरंगा, ती आता माझ्या हाताबाहेर गेली, तू बघ. रोज मागायचे. होळीला ती परत आली. फडातच बाळंत झाली होती. पोट रिकामं, हात रिकामे. माझ्यासमोर उभी राहून एवढंच म्हणाली, सिस्टर, गोळ्या दे."

तेव्हापासून तिने देवापुढे कुणाचंही नाव घेणं सोडलं होतं. पूजा चालू होती, माळ गळ्यात होती, एकादशी चुकत नव्हती. फक्त कुठलंही माणूस त्याच्यावर सोपवायचं नाही, असं आतल्या आत ठरून गेलं होतं. त्याच्याकडून मागायचं ते स्वतःच्या अंगात बळ. मग प्रत्येक बाई, प्रत्येक बाळ मीच बघीन.

"तुम्ही पांडुरंगावर रागावला आहात," मी म्हटलं.

"देवावर कोण रागावतं मॅडम."

"तुमच्या घरात पिढ्यान् पिढ्या वारी आहे आणि हे मला विचारता? नामदेव रुसले, जनाबाईने त्याला शिव्या घातल्या, तुकोबा भांडले. आणि तुमच्या मुक्ताईनगरच्या मुक्ताईचं काय? ज्ञानदेव जगाच्या बोलण्याने दुखावून झोपडीची ताटी लावून बसले, तेव्हा बाहेरून हाक कुणी मारली?"

"मुक्ताईने. बाबा सांगायचे."

"माऊलीसुद्धा ताटी लावून बसले. तुम्हीही दोन वर्षं बसला आहात. फक्त तुमची ताटी कुणाला दिसत नाही, कारण बाहेर पूजा चालू आहे."

ती रडली. पदर तोंडाशी दाबून बायका रडतात तसं नव्हे. हात मांडीवर तसेच ठेवून, समोर बघत. मी कूलर बंद केला. त्या बाळाच्या बाबतीत देवाचं बरोबर होतं, त्याचा काही हेतू असेल, असलं काहीही मी बोलले नाही. देवाची वकिली करणं माझं काम नाही, आणि अशा वेळी ती दुसऱ्या कुणी केलेलीही मला पाहवत नाही. घरी जाऊन करायला एवढंच सांगितलं: मागू नका, आभार मानू नका, आधी भांडून घ्या.

पंधरा दिवसांनी आली तेव्हा डोळ्यांखालची काळी वर्तुळं तशीच होती, पण आवाज मोकळा झाला होता. "भांडले. माहेरच्या बोलीत भांडले. पुस्तकी मराठीत राग येतच नाही मॅडम." मग म्हणाली, "भांडून बरं वाटलं. पण आता पुढे काय? भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं? आमच्या सासूबाई काहीही झालं की म्हणतात, 'देव शे ना!' आणि पोळ्या लाटायला लागतात. मला ते ऐकलं की चीड येते. देव आहे म्हणून मी पाड्यावर जायचं नाही का?"

ऐकणाऱ्याला हा प्रश्न किरकोळ वाटेल. माझ्या मते सगळं यातच अडकलेलं असतं. भरवसा ठेवायचा म्हणजे हात काढून घ्यायचे, असं एकीकडे वाटतं. हात काढून घेणं मनाला पटत नाही. म्हणून दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवायचं आणि वरून देवाचं नाव घ्यायचं. पाळक, कीर्तनकार, मुख्याध्यापिका, सगळे इथेच उभे होते.

मी तिला विचारलं, "सिस्टर, पेशंट रेफर कसा करता?"

तिची पाठ ताठ झाली. आता ती तिच्या जागेवर होती. "आधी नाडी, बीपी. लाइन लावते. १०८ ला फोन. चिठ्ठी लिहिते: नाव, वय, कितवी खेप, त्रास काय, मी काय दिलं, किती वाजता दिलं, का पाठवतेय. नातेवाइकांना समजावते. गाडीत चढवते."

"मग?"

"मग गाडी जाते."

"तुम्ही गाडीमागे धावता?"

"नाही."

"पेशंट टाकून दिला, असं वाटतं का?"

तिला राग आला. चांगला राग आला. "रेफर करणं म्हणजे टाकणं नाही मॅडम. माझ्याकडे रक्ताची पिशवी नाही, ऑपरेशनचं टेबल नाही. जिथे आहे तिथे पाठवते. माझ्याच्याने होईल ते सगळं करून, वेळेत पाठवते. उलट मी बघते, मी बघते करत ठेवून घेणं हा गुन्हा आहे. वेळेत वर न पाठवल्यामुळेच बाया जातात."

आणि ती थांबली. स्वतःचं बोलणं तिच्याच कानावर पडलं होतं.

अशा शांततेत आपण बोलायचं नसतं, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली. रस्त्यावरून रिक्षा गेली, शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. सिस्टरचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला.

"म्हणजे दोन वर्षं मी एकही केस वर पाठवलेली नाही," ती म्हणाली.

त्या दिवशी आम्ही आणखी काही बोललो नाही. वेळ उरला होता, पण मी तिला घरी जाऊ दिलं.

पुढच्या भेटीत तिने पर्समधून एक कागद काढला. लसीकरणाच्या जुन्या पत्रकाची पाठकोरी बाजू, पट्टीने आखलेली. रेफर चिठ्ठीच होती ती. वर त्या सूज आलेल्या बाईचं नाव. वय २४, तिसरी खेप, बीपी १५०/१००. खाली 'काय केलं': दोनदा भेट, ग्रामीण रुग्णालयात पाठवलं, नवऱ्याला समजावलं, आशाताई सोबत गेली. त्याखाली एक रकाना सरकारी चिठ्ठीत नसतो असा, 'माझ्या हातात नाही': तिचं बीपी, नवऱ्याचं मन, रस्ता, बाळ. मग 'कुणाकडे': पांडुरंग. वेळ रात्री ९.४०. आणि सही, रजिस्टरात करते तशी, तारखेसकट.

"वेळ का लिहिली?" मी विचारलं.

"वेळेशिवाय रेफर पुरी होत नाही मॅडम. त्या वेळेपर्यंतचं माझं. त्यानंतरचं पुढच्याचं."

"आणि रेफर केलेल्या पेशंटची चौकशी?"

"सकाळी एक फोन करते."

"रात्रीतून दहा वेळा नाही?"

"दहा फोन केले तर तिकडची सिस्टर उचलायची नाही." ती हसली. "देवालाही सकाळीच विचारते. काल पाठवलेल्यांचं कसं आहे, आणि आज माझ्याकडे कोण आहे."

सांगायला मला अभिमान वाटतो की ही चिठ्ठी मी तिला सुचवली नव्हती. मी फक्त रेफरचा प्रश्न विचारला होता. माणसाच्या स्वतःच्या कामातच त्याच्या मनाचं औषध असतं, या माझ्या समजुतीला सिस्टरने दिलेला हा सगळ्यात सुंदर पुरावा. नंतर त्या पाळकांना मी विचारलं, तुम्ही पेरणी पाहिली आहे ना? ते शेतकऱ्याचे चिरंजीव. बी मातीखाली गेल्यावर उकरून बघणाऱ्याला गावात काय म्हणतात, ते त्यांनी मला हसत हसत सांगितलं आणि पुढचं त्यांचं त्यांना कळलं.

असाच प्रश्न घेऊन बसलेल्यांना आता मी काय सांगते, ते थोडं लिहिते.

आजची प्रार्थना जशी मनात येते तशी कागदावर उतरवा आणि शब्द तपासा. 'मी' किती वेळा येतो, आणि विशेष म्हणजे 'मीच' किती वेळा येतो. मराठीतला हा 'च' फार जड आहे. 'माझ्या हातून चांगलं व्हावं' ही इच्छा आहे, आणि ती माणसाला कामाला लावते. 'माझ्याच हातून झालं पाहिजे, चुकताच कामा नये' हा हट्ट आहे, तो माणसाला जागं ठेवतो. हे काम देवाने मला दिलं असं म्हणण्यात नम्रता आहे. त्या कामाचा शेवटही माझ्याच मुठीत आहे असं धरून चालण्यात ती राहत नाही, मग आपण कितीही वाकून नमस्कार करत असू.

दुसरं, सोपवायचं ते नाव घेऊन सोपवा. 'देवा, सगळं तुझ्यावर' असं म्हणून काहीच सोपवलं जात नाही. त्या 'सगळ्या'तून एकेक चेहरा रात्री परत येतो. एक माणूस, एक काम, एक भीती. आपला भाग कुठे संपला ते लिहा, वेळ लिहा. त्या वेळेनंतर तेच मनात आलं तर देवाची परीक्षा घेऊ नका आणि स्वतःवर चिडूही नका. "ते पाठवलंय" एवढंच म्हणा. पहिले आठ-दहा दिवस हे शंभर वेळा म्हणावं लागेल. आधी विश्वास वाटेल आणि मग सोडता येईल, अशी वाट बघत लोक वर्षं काढतात. मी पाहिलं आहे ते उलट: माणूस आधी थरथरत्या हाताने सोडतो, आणि विश्वास मागून, पावलापावलाने येतो.

आणि एक गोष्ट ठासून सांगते. देवावर सोपवलं म्हणून माणसांकडे मागायचं सोडायचं नाही. सिस्टरने चिठ्ठ्या लिहायला लागल्यावर महिन्याभरात दुसऱ्या सेविकेसाठी लेखी अर्ज दिला. तोवर ती नुसती कुढत होती. दोन दूरचे पाडे आरोग्यसेवक दादांनी घेतले. तिने मागितलं म्हणून घेतले. आधी मागितलंच नव्हतं. 'देवाचं काम आहे' असं म्हणून एका माणसावर तिघांचं काम लादणाऱ्यांना प्रार्थनेची ढाल मिळता कामा नये. पंधरा दिवसांहून जास्त काळ झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांना भेटा. तेवढाही धीर नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फोन करा, तो मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. असा फोन करण्याने श्रद्धा उणी होत नाही. तीही एक रेफर चिठ्ठीच आहे, या वेळी स्वतःच्या नावाची.

त्या सूज आलेल्या बाईला मुलगी झाली, सव्वादोन किलोची. पण प्रत्येक चिठ्ठीचं उत्तर असं आलं नाही. श्रावणात एक बाळ गेलं, आणि त्या बाळाचीही चिठ्ठी सिस्टरने लिहिलेली होती. तिचा फोन आला. बराच वेळ दोघी गप्प होतो.

"भांडलात?" मी विचारलं.

"हो. रडलेसुद्धा."

"आणि मग?"

"मग त्याच्या आईच्या नावाची लिहिली."

शेवटच्या भेटीला ती अर्धा तास उशिरा आली. तोवर एकदाही उशीर झाला नव्हता, म्हणून मी दारातच उभी होते. रिक्षातून उतरली तेव्हा एका बाजूचे केस चपटे झाले होते आणि गालावर एसटीच्या खिडकीच्या गजाचा लालसर वळ उमटला होता. पर्समध्ये फोन वाजत होता. तो तिने आधी काढला नाही.

"गाडी स्टँडवर लागली तरी जाग नाही आली. कंडक्टरने उठवलं," ती म्हणाली. "विदगावचा पूल कधी गेला, कळलंच नाही मॅडम."